जॅझवर रिसर्च करायचाय? प्रपोजलच्या आधीपासून शेवटच्या परवानगीपर्यंत, क्रमाने

जॅझचा इतिहास, त्याचे श्रोते किंवा म्युझिक इंडस्ट्री यावर एमएचं डिझर्टेशन किंवा पीएचडी करायची म्हणणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात आणि त्यांची प्रपोजलं वाचली की एकच चूक परत परत दिसते. प्रश्न एका प्रकारचा असतो आणि पुरावा दुसऱ्याच प्रकारचा. म्हणजे विचारायचं "त्या काळी जॅझ ऐकायला कोण यायचं?" आणि उत्तर शोधायचं चार वादकांच्या मुलाखतींत. वादक स्टेजवर होता, त्याला पहिल्या दोन रांगा दिसत होत्या, तिकीट कोणी काढलं आणि कोण दारातूनच परत गेलं हे त्याला कुठून माहीत असणार?

दुसरी चूक क्रमाची. आधी प्रपोजल, मग अ‍ॅडमिशन, मग मुलाखती आणि सगळ्यात शेवटी कागद शोधायला निघायचं. हे जवळपास उलटं करायला हवं. खाली उदाहरणं मुंबईच्या जॅझची घेतलीयेत, साधारण १९३० च्या दशकापासून पुढची, कारण ते सामान आपल्या आवाक्यात आहे. शिकागो किंवा लंडनवर काम करणार असाल तरी टप्पे हेच.

## टप्पा १ : विषयाचा प्रश्न करा आणि त्याची जात ठरवा

"मुंबईतील जॅझचा इतिहास" हा विषय झाला, यावर कोणी तीन वर्षांत काहीही सिद्ध करू शकत नाही. हे तीन प्रश्न बघा.

क) लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आला, त्यानंतर मुंबईतल्या गोवेकर वादकांच्या वाजवण्यात आणि बँडच्या रचनेत काय बदललं?

ख) १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रेला (मुंबईतल्या जॅझ महोत्सवाला) पैसे देऊन कोण आलं, आणि ते आधीपासूनचे जॅझवाले होते की शास्त्रीय संगीताचे श्रोते?

ग) १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलं आणि क्लबांमधल्या बँडच्या नोकऱ्यांचं काय झालं?

पहिला संगीताच्या इतिहासाचा, दुसरा श्रोत्यांचा, तिसरा इंडस्ट्रीचा. पहिल्याला रेकॉर्ड, नोटेशन, बँडच्या याद्या लागतील. दुसऱ्याला तिकिटं, जाहिरातीतले दर, वाचकांची पत्रं, प्रेक्षकांचे फोटो आणि त्या दिवशी समोर बसलेल्या माणसांच्या आठवणी. तिसऱ्याला करारपत्रं, लायसन्सचे कागद, करमणूक कराच्या नोंदी, पगाराच्या पावत्या. एका प्रबंधात तिन्ही घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. एक मुख्य धरा, दुसरा आधाराला घ्या, तिसरा सोडा.

"प्रभाव" हा शब्द प्रश्नात आला की सावध व्हा. "सी. रामचंद्र यांच्या संगीतावर जॅझचा प्रभाव" हा विषय मराठी मुलांना फार आवडतो आणि साहजिक आहे, पुणतांब्यात जन्मलेला आपला माणूस आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट एकत्र काम करतात ही गोष्टच भारी आहे. पण प्रभाव मोजणार कसा? त्याऐवजी विचारा की स्टुडिओत वादकांसमोरचे नोटेशनचे कागद कोण लिहायचं, त्याला पैसे कसे मिळायचे आणि पडद्यावर त्याचं नाव का दिसत नाही. या प्रश्नाला कागद सापडू शकतात.

तपासा: संगीतातलं काही न कळणाऱ्या मित्राला प्रश्न एका वाक्यात सांगा. मग स्वतःला विचारा की असा कोणता कागद सापडला तर माझं म्हणणं खोटं ठरेल? असा एकही कागद सुचत नसेल तर पुढे जाऊ नका, इथेच परत बसा.

## टप्पा २ : प्रपोजलच्या आधी पुराव्याची चाचणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रपोजलमध्ये "विविध अभिलेखागारांतील साधनांचा वापर केला जाईल" असं वाक्य असलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा माणूस अजून कुठेही गेलेला नाही.

आधी वर्तमानपत्रं. टाइम्स ऑफ इंडियाचा १८३८ पासूनचा डिजिटल संग्रह बऱ्याच मोठ्या युनिव्हर्सिटी लायब्ररींमध्ये बघता येतो, स्वतःच्या नसेल तर दुसऱ्या लायब्ररीची तात्पुरती मेंबरशिप विचारा. सर्चमध्ये फक्त "जॅझ" टाकलं तर हाताला फार थोडं लागेल. डान्स बँड, टी डान्स, स्विंग, कॅबरे, क्रूनर, फॉक्सट्रॉट, बॉलरूम, शिवाय हॉटेलांची आणि बँडलीडरची नावं, असं सगळं टाकून बघा. जुना छापा मशीनला नीट वाचता येत नाही, एक अक्षर फुटलेलं असलं तरी नाव सर्चमध्ये येत नाही. म्हणून काही आठवडे ठरवून पान न पान डोळ्याने बघायचे, आणि ते सगळे डिसेंबरचे घेऊ नका. ख्रिसमस ते न्यू इयर हा बँडवाल्यांचा सीझन, तेवढाच बघितला तर वर्षभर शहरात नुसता नाचच चालला होता असं वाटेल. प्रत्येक वर्षाचा जूनचा एक आठवडाही घ्या.

करमणुकीच्या पानावरची जाहिरात बारीक वाचा. बँडचं नाव, वार, वेळ, जेवणासकट दर की फक्त प्रवेशाचा, "इव्हनिंग ड्रेस" अशी अट आहे का, बँडलीडरचं नाव हॉटेलच्या नावापेक्षा मोठ्या टाइपात आहे की तळाला बारीक. श्रोत्यांवरच्या प्रश्नाला दर आणि कपड्यांची अट ही सोन्यासारखी माहिती आहे आणि बहुतेक जण फक्त बँडचं नाव उतरवून पान उलटतात.

मग सरकारी कागद. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य अभिलेखागार आहे. दारूबंदी, लायसन्स, करमणूक कर (याचा मुंबईतला कायदा १९२३ चा) अशा बाजूने शोधा. "संगीत" म्हणून फाइल मागितली तर फार काही येणार नाही, कारण सरकारच्या लेखी बँड ही संगीताची नाही, लायसन्सची बाब होती. गोव्याच्या बाजूने पणजीचं अभिलेखागार, आणि १९६१ पर्यंतचा कारभार पोर्तुगीजमध्ये हे आधीच लक्षात घ्या. पोर्तुगीज येत नसेल तर एकतर शिकायला सहा महिने धरा किंवा प्रश्नच असा करा की त्याची गरज पडणार नाही. रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी वाचता येत असेल तर तो मोठाच फायदा, वादकांच्या घरच्या बातम्या इंग्रजी पेपरात यायच्या नाहीत.

तिसरं, परदेशातलं सामान. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये आणि ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये भारतात आले ते अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यांवर, त्यामुळे त्याचे कागद सरकारी आहेत आणि मोठा भाग आर्कान्सा युनिव्हर्सिटीत फेयटविलला आहे. एलिंग्टन यांची कागदपत्रं वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये. जॅझसाठी सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी एक म्हणजे नेवार्कची रटगर्स युनिव्हर्सिटीची इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीज, आणि ब्रिटिश मासिकांसाठी इसेक्समधल्या लाउटनचं नॅशनल जॅझ आर्काइव्ह. लगेच विमानाची तिकिटं बघायला लागू नका, आधी तिथल्या आर्काइव्हिस्टला नेमका प्रश्न, वर्ष आणि शहर लिहून मेल करा. बॉक्समध्ये काय आहे याची यादी बहुतेक वेळा ऑनलाइन असते, ती वाचून बॉक्स नंबरासकट विचारलं की उत्तर नीट येतं.

हे सगळं एका स्प्रेडशीटमध्ये टाका: साधन, कुठे आहे, कोणती वर्षं, मधली कोणती वर्षं गायब, भाषा, परवानगी कोणाची, एका वर्षाचं सामान बघायला किती तास गेले. शेवटचा रकाना सगळे विसरतात आणि वेळापत्रक कोसळतं ते त्याच्यामुळेच.

सावध: खासगी हॉटेल किंवा रेकॉर्ड कंपनीच्या स्वतःच्या संग्रहावर अख्खा प्रश्न उभा करू नका. "परवानगी मिळेल" म्हणजे मिळालेली नसते. लेखी होकार हातात नसेल तर ते साधन "मिळालं तर बोनस" या रकान्यात.

## टप्पा ३ : नावं आणि रेकॉर्डचा तक्ता

हे कंटाळवाणं काम आहे, पण सुरुवातीलाच केलं नाही तर दुसऱ्या वर्षी सगळं परत करावं लागतं.

एकच वादक चार नावांनी सापडतो. चिक चॉकलेटचं खरं नाव अँतोनियो शावियेर वाझ. चर्चच्या नोंदीत एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, जाहिरातीत स्टेजवरचं नाव आणि सिनेमाच्या टायटलमध्ये बहुतेक वेळा काहीच नाही. डिसोझा, फर्नांडिस, परेरा ही आडनावं तर इतकी आहेत की दोन वेगळी माणसं एक होऊन बसतात. प्रत्येक माणसाला एक नंबर द्या, त्यापुढे सगळी स्पेलिंगं, वाद्य, गाव आणि प्रत्येक गोष्ट कुठे सापडली ते लिहा. खात्री होईपर्यंत दोन नोंदी एकत्र करू नका, एकत्र करणं सोपं असतं, नंतर वेगळं करणं भयंकर.

रेकॉर्डचंही तसंच. ७८ आरपीएमच्या रेकॉर्डवर दोन नंबर असतात. लेबलवरचा कॅटलॉग नंबर आणि मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर. कॅटलॉग नंबर विक्रीचा, मॅट्रिक्स नंबर त्या रेकॉर्डिंगचा. तीच रेकॉर्डिंग वेगळ्या लेबलवर परत निघाली तर कॅटलॉग नंबर बदलतो, त्यामुळे फक्त लेबल बघून तारीख लावणारे हमखास फसतात. रेकॉर्डिंगची तारीख, बाजारात आल्याची तारीख आणि पेपरात जाहिरात आल्याची तारीख, तीन वेगळे रकाने हवेत. लेबलवर "फॉक्सट्रॉट, व्होकल रिफ्रेन" (नाचाचा प्रकार आणि मधे गायलेला तुकडा) असं छापलेलं असेल तर तेही उतरवा, कारण कंपनीने ती नाचासाठी म्हणून विकली होती हे त्याने कळतं. भारतात या नंबरांची नीट माहिती असलेले लोक सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समध्ये भेटतात, त्यांच्याकडे जाताना प्रश्न घेऊन जा, "काही माहिती द्या" म्हणून जाऊ नका.

सावध: ७८ ची रेकॉर्ड एलपीच्या सुईने वाजवू नका. तिची खाच जवळपास तिप्पट रुंद असते, बारीक सुई तळाला घासते, आवाज खराब येतो आणि दुसऱ्याची जपून ठेवलेली वस्तू तुमच्या हातून खराब होते.

आणि रेकॉर्ड म्हणजे प्रत्यक्ष वाजवणं नव्हे. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, त्यामुळे सोलो छोटे. हॉलमध्ये तोच तुकडा दहा मिनिटं चालला असेल. अमेरिकेत तर १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगच बंद पाडलं, डेक्का कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी थेट नोव्हेंबर १९४४ मध्ये, आणि नेमकी त्याच काळात बीबॉप ही जॅझची नवी शैली घडत होती. रेकॉर्ड सापडत नाही म्हणून काही घडलंच नाही, असा निष्कर्ष काढला की अख्खं प्रकरण चुकतं.

## टप्पा ४ : आधी कोणी काय केलंय

हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. भारतातले प्रबंध शोधगंगावर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) बघा. मुंबईच्या जॅझसाठी नरेश फर्नांडिस यांचं "ताजमहाल फॉक्सट्रॉट" हे पुस्तक वाचावं लागेलच, पण वाचताना तळटीपा आणि साधनांची यादी वेगळी उतरवून घ्या, नुसत्या गोष्टी नको. "यावर आजवर कोणीच काम केलेलं नाही" हे वाक्य लिहू नका. कोणी काय केलं आणि तिथून पुढे तुमचा प्रश्न कसा जातो ते लिहा.

## टप्पा ५ : गाइड शोधणं, मग प्रपोजल

भारतात "जॅझ" नावाचा विभाग शोधत बसू नका. संगीत विभागात बहुतेकदा हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास असतो, तुमचा प्रश्न ग असेल तर इतिहास किंवा समाजशास्त्र, ख असेल तर मीडिया किंवा सिनेमाचा विभागही चालेल. प्रश्नाची जात आधी ठरवायची ती यासाठीसुद्धा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षं, कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिट्स, आणि एका गाइडकडे किती विद्यार्थी असावेत यावर मर्यादा आहे: प्रोफेसर आठ, असोसिएट सहा, असिस्टंट चार. गाइड कितीही चांगला असला तरी जागा शिल्लक आहे का हे आधी विचारा.

बाहेर जायचं असेल तर ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम सिटी युनिव्हर्सिटीत जॅझ आणि श्रोते-इंडस्ट्री या अंगाने काम चालतं, अमेरिकेत रटगर्स-नेवार्कला जॅझच्या इतिहास आणि संशोधनाचं एमए आहे. तिकडच्या सुपरवायझरला पहिल्या मेलमध्ये पंधरा पानी प्रपोजल जोडू नका. दोन पानं पुरे: प्रश्न, तो कोणत्या जातीचा, चाचणीत काय सापडलं, काय सापडलं नाही, आणि त्यांचाच गाइडन्स का हवा याचं एक खरं कारण.

प्रपोजल लिहिताना टप्पा २ ची स्प्रेडशीट समोर ठेवा. "जून आणि डिसेंबरचे एवढे आठवडे बघितले, जाहिरातीत दर एवढ्या वेळा सापडले" असं एक वाक्य असलं की प्रपोजलला वजन येतं. जॅझ किती महान आहे यावर पान घालवू नका, कमिटीला ते मान्यच असतं किंवा त्याच्याशी घेणंदेणं नसतं.

तपासा: प्रपोजलमधल्या प्रत्येक उपप्रश्नासमोर एक तरी प्रत्यक्ष बघितलेलं साधन लिहिता येतंय का? न येणारा उपप्रश्न काढून टाका.

## टप्पा ६ : मुलाखती, कागद बघून झाल्यावरच

घाई करू नका म्हणणं मलाही जड जातं, कारण त्या काळातले लोक आता फार थोडे राहिलेत आणि कोणी नव्वदीत असेल तर थांबून चालणार नाही. अशा वेळी एथिक्स कमिटीची परवानगी आधी आणि लवकर घ्या, पण निदान त्या माणसाबद्दलचे कागद तरी बघूनच जा.

संमतीपत्र मुलाखतीच्या आधी, त्यांना कळेल त्या भाषेत, आणि त्यात वेगवेगळ्या चौकटी: नाव वापरू का, आवाज जपून ठेवू का, ऑनलाइन टाकू का, तुम्ही नसताना घरच्यांपैकी कोणाला विचारू. एकच सरसकट सही घेतली तर पुढे अडचण होते.

"तेव्हाचा जॅझ कसा होता?" विचारलं की "वंडरफुल डेज होते" एवढंच मिळतं. त्यापेक्षा जुन्या जाहिरातीचा प्रिंट मोठा करून न्या, समोर ठेवा आणि विचारा: अंकल, या शनिवारी घरून किती वाजता निघालात, सूट हॉटेलचा की स्वतःचा, जेवण कुठल्या दाराने आणि कुठे मिळायचं, पैसे कोणी मोजून दिले, रोज की महिन्याला, शेवटची ट्रेन चुकली तर कुठे झोपायचात? धोबी तलावच्या कुडात (गोवेकरांच्या गावागावांच्या वसतिगृहात) राहिलेला माणूस या प्रश्नांवर तासभर बोलतो आणि इंडस्ट्रीवरचं अर्धं प्रकरण तिथेच मिळतं. साल विचारू नका, साल कोणालाच नीट आठवत नाही. "दारूबंदी आली त्याच्या आधी की नंतर? गोवा मुक्त झाल्यावर? तुमच्या लग्नाच्या आधी?" असं विचारा आणि नंतर पेपराशी ताडून बघा. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही लिहा, कागदच खरा असं धरू नका, जाहिरातीत छापलेला बँड त्या रात्री आलाच नव्हता असंही होतं.

रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, पंखा बंद करून, आणि त्याच दिवशी तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या जागी.

## टप्पा ७ : श्रोत्यांचे आकडे वाचताना

आजच्या श्रोत्यांवर काम करणारे इथे सगळ्यात जास्त घसरतात. अमेरिकेत नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सच्या सर्व्हेत जॅझ कार्यक्रमाला जाणाऱ्या प्रौढांचं मधलं वय १९८२ मध्ये २९ होतं, २००८ मध्ये ४६. यावरून "तरुणांनी जॅझ सोडला" असं बिनधास्त लिहितात. पण तो प्रश्न काय होता ते वाचा: गेल्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष कार्यक्रमाला गेलात का. घरी, रेडिओवर, फोनवर ऐकणारे त्यात मोजलेलेच नाहीत. शिवाय तिकीट महागलं, क्लब बंद झाले, लोकसंख्याच म्हातारी झाली, ही कारणं वेगळी काढल्याशिवाय आवडीबद्दल बोलता येत नाही.

तुमचा स्वतःचा सर्व्हे असेल तर कार्यक्रमाच्या दारात उभं राहून भरून घेतलेला फॉर्म फक्त आलेल्यांबद्दल सांगतो. न आलेल्यांबद्दल काही म्हणायचं असेल तर त्यांना दुसरीकडे गाठा. गुगल फॉर्म ग्रुपवर टाकून आलेल्या उत्तरांना "मुंबईचे जॅझ श्रोते" म्हणू नका.

जुन्या श्रोत्यांचा तर सर्व्हेच नाही, तिथे दर आणि तेव्हाचे पगार शेजारी ठेवून कोणाला परवडत असेल एवढंच म्हणता येतं. परवडणारा आलाच असेल असं नाही.

## टप्पा ८ : इंडस्ट्रीचे कागद आणि परवानग्या

आजच्या संस्था जुन्या काळावर चिकटवू नका. आयपीआरएस ही संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था १९६९ ची, त्यामुळे १९५० च्या दशकातल्या ट्रम्पेटवाल्याला रॉयल्टी का मिळाली नाही हे तिच्या कागदांत शोधून उपयोग नाही. स्टुडिओत त्याला काम केल्याचे रोखीने पैसे मिळत होते का, ही चौकशी आधी करा. स्ट्रीमिंगचे आकडे वापरत असाल तर "जॅझ" हे लेबल गाण्याला कोणी लावलं, कंपनीने की प्लॅटफॉर्मने, हे आधी लिहा.

कॉपीराइटमध्ये भारतात रेकॉर्डिंगला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं आणि त्यातल्या चालीला संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, हे दोन वेगळे हक्क आहेत. जुनी रेकॉर्डिंग मोकळी झाली म्हणून तिचं नोटेशन छापायला मोकळं झालं असं नाही. परदेशातले नियम वेगळे, तिकडे प्रकाशित करणार असाल तर तिथले बघा. घरगुती फोटो घेताना मालक कोण आणि फोटोग्राफर कोण हे दोन्ही लिहून घ्या, अल्बम परत दिल्याची तारीखसुद्धा.

परवानगीच्या मेलमध्ये फोटो किंवा रेकॉर्डचा नंबर, प्रबंधात तो कुठे येणार, आणि प्रबंध शोधगंगावर जाणार म्हणजे कोणीही उघडून बघू शकेल, हे स्पष्ट लिहा. ही मेल सबमिशनच्या महिन्यात पाठवू नका. प्रकरण लिहायला घेतलं त्याच आठवड्यात पाठवा आणि उत्तर आलं नाही तर ते चित्र नसतानाही प्रकरण उभं राहील असं लिहा.